हायपो की हायपर? एका संकष्टीची गोष्ट

आमच्याकडे पहिल्यांदा येणारे निम्मे पाहुणे बोपोडीला उतरतात. दापोडी आणि बोपोडी ही मेट्रोची लागून असलेली स्टेशनं. नावात पहिल्या अक्षराचा काय तो फरक, आणि मध्ये मुळा नदी. नदीच्या पलीकडे पुणे महापालिका, अलीकडे पिंपरी-चिंचवड. चुकून पलीकडे उतरलात तर हॅरिस पुलावरून चालत या, फार काही बिघडत नाही.

आम्हा डॉक्टरांच्या बोलण्यात मात्र अशी एक जोडी आहे, की तिच्यात चुकीच्या काठावर उतरलं तर माणूस दगावू शकतो. हायपो आणि हायपर. हे सगळं मला पुस्तकातून माहीत होतं. कळलं ते एका पावसाळ्यातल्या संकष्टीला.

रात्रीचे साडेआठ झाले असतील. दवाखान्यात गर्दी होती. भोसरीत कारखान्यात काम करणारे माझे एक जुने पेशंट आहेत, पंचावन्नच्या आसपासचे, बारा-तेरा वर्षं डायबेटिस. त्यांच्या मुलाचा फोन आला. "डॉक्टर, बाबा एकदम हायपर झालेत. आईवर ओरडताहेत, काहीतरीच बोलताहेत, घामाने नुसते भिजलेत." मी विचारलं, जेवले का? नाही, संकष्टी आहे, चंद्रोदय नऊनंतर. गोळ्या? त्या सकाळ-संध्याकाळच्या दोन्ही घेतल्या होत्या. मला लगेच समजलं. मी म्हणालो, "हायपो झालाय. साखरेचं लगेच बघा आणि तसेच इकडे घेऊन या." आणि फोन ठेवला, कारण समोर तापाने फणफणलेलं मूल होतं.

ते आले तेव्हा काकांना दोघांनी धरून आणलं होतं. हाक मारली तर जेमतेम डोळे उघडत होते. ग्लुकोमीटरवर आकडा आला ३८. शिरेतून ग्लुकोज दिलं, आणि काही मिनिटांत काकांनी "मी इथे कसा?" असं विचारलं. हे दृश्य कितीदाही बघितलं तरी मला दर वेळी चमत्कार वाटतो.

मग मी जरा चिडून मुलाला विचारलं, "अरे, घरीच साखर का नाही दिली?" तो गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. "तुम्हीच तर हाय म्हणालात ना? आई साखरेचं पाणी करत होती, मीच तिच्या हातून ग्लास काढून घेतला."

त्या मुलाची काय चूक होती, तुम्हीच सांगा. आपल्या घरात कोणते शब्द असतात? हाय बीपी, लो बीपी. हाय शुगर, लो शुगर. 'हाय' म्हणजे वाढलेलं, हे शाळेत न गेलेल्या आजीलाही ठाऊक असतं. आणि 'हायपो' हा शब्द सुरूच होतो 'हाय'ने! कानावर 'हाय' पडलं, पुढचा 'पो' कुठल्या कुठे गेला. त्यात माझं "साखरेचं बघा" हे मोघम वाक्य. "तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून पाजा" एवढं म्हणायला मला पाच सेकंदं लागली असती. चूक माझी होती, आणि मी ती तिथेच त्याच्यापाशी कबूल केली.

आता शब्दांकडे वळू. दोन्ही ग्रीक आहेत. हायपो म्हणजे खाली, कमी. हायपर म्हणजे वर, जास्त. आपल्याला हे परके वाटायचं काही कारण नाही, कारण हे दोघं आपल्या संस्कृतचे चुलतभाऊ आहेत. भाषाशास्त्राप्रमाणे ग्रीक 'हायपर' आणि संस्कृत 'उपरि' एकाच मुळातले, तसेच 'हायपो' आणि 'उप'. सरपंचाच्या खालचा तो उपसरपंच, महापौराच्या खालचा तो उपमहापौर. तसं हायपो म्हणजे नेहमीपेक्षा खाली. एवढं डोक्यात ठेवायचं नसेल तर सोपं सांगतो: हायपर मधला 'पर' हा 'वर'शी जुळतो. हायपर म्हणजे वर. हायपो मधल्या 'पो'वरून पोट आठवा, रिकामं पोट. (गंमत म्हणजे 'हायपर झालेत' हे मुलाचं वाक्य त्याच्या अर्थाने बरोबरच होतं. साखर उतरली की माणूस चिडतो, भांडतो, हट्ट करतो. काही जण दारू प्यायल्यासारखे वागतात, आणि बसमध्ये किंवा रस्त्यावर लोक तसंच समजून त्यांच्याकडे पाठ फिरवतात.)

साखर कमी होणं म्हणजे हायपोग्लायसेमिया. रक्तातली साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की सावध व्हायचं, ५४ च्या खाली म्हणजे गंभीर. हे झपाट्याने, काही मिनिटांत होतं: घाम, थरथर, छातीत धडधड, कडकडून भूक, मग गोंधळ, मग शुद्ध जाणं. साखर वाढणं, म्हणजे हायपरग्लायसेमिया, हे बहुधा तास-दिवसांचं काम असतं: खूप तहान, सारखी लघवी, तोंडाला कोरड, थकवा. घरात ग्लुकोमीटर नसेल, नेमकं काय झालंय ते कळत नसेल, आणि माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर साखर कमी झाली असं धरूनच चाला आणि साखर द्या. वाढलेली असेल तर त्या तीन चमच्यांनी लगेच फारसं बिघडत नाही. कमी असेल तर त्यांनीच जीव वाचतो. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, कमीच असेल तर पुन्हा द्या, बरं वाटलं की पोळी, भात असं काही खाऊ घाला. शुद्ध गेली असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नका, श्वासनलिकेत जातं. १०८ ला फोन करा.

अजून एक, जे बऱ्याच जणांना कोणी सांगत नाही. आपल्याकडे डायबेटिसच्या काही एकत्रित गोळ्यांमध्ये व्होग्लिबोज असतं. ते आतड्यात साखरेचं विघटन मंदावतं. अशा पेशंटला घरातली साखर दिली तर तिचा परिणाम उशिरा होतो, त्यांना ग्लुकोज पावडरच हवी. तुमच्या पाकिटावर हे नाव आहे का ते आजच बघा आणि असेल तर एक पुडा घरात ठेवा.

काका शुद्धीवर आले तरी मी त्यांना वायसीएम रुग्णालयात पाठवलं. घरच्यांना ते पटत नव्हतं, 'आता तर बरे आहेत'. पण ते घेत असलेल्या ग्लिमेपिराइडचा असर दिवसभर टिकू शकतो. वर आलेली साखर मध्यरात्री परत उतरते, आणि तेव्हा सगळे झोपलेले असतात.

दोन दिवसांनी मुलगा पुन्हा आला, या वेळी आईचा रिपोर्ट घेऊन. "डॉक्टर, आता मला कळलंय. टीएसएच ११ आहे, पुढे एच छापलंय, म्हणजे आईला हायपर, बरोबर?" बरोबर नव्हतं, आणि इथे भलेभले फसतात. टीएसएच हे थायरॉइडचं हार्मोन नव्हे. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी थायरॉइडला कामाला लावण्यासाठी जो आवाज देते, तो टीएसएच. कामगार सुस्त असला की सुपरवायझरचा आवाज चढतो. म्हणून टीएसएच वाढलेला दिसला तर बहुतेक वेळा थायरॉइड कमी काम करत असतं, म्हणजे हायपो. वजन वाढणं, थंडी सहन न होणं, बद्धकोष्ठता, मरगळ. हायपरमध्ये उलट: वजन उतरतं, हात थरथरतात, धडधड होते, टीएसएच खाली जातो. "मलाही थायरॉइड, तुलाही थायरॉइड" असं म्हणून शेजारणी एकमेकींना गोळ्या देतात ना, त्याने माझ्या पोटात गोळा येतो. हायपोची गोळी हायपरवालीने घेतली तर आधीच धावणाऱ्या हृदयाला आणखी चाबूक.

रक्तदाबाबद्दल थोडक्यात. हायपरटेन्शन म्हणजे वाढलेला रक्तदाब, दवाखान्यात मोजल्यावर पुन्हापुन्हा १४०/९० किंवा त्यावर. त्यातलं 'टेन्शन' हे रक्तवाहिन्यांच्या भिंतीवरच्या दाबाचं आहे, मनाचं नव्हे. "मला कसलंच टेन्शन नाही, मग हायपरटेन्शन कुठून?" असं म्हणून गोळी बंद करणारे महिन्याला दोन-तीन तरी भेटतात.

त्या रात्रीनंतर केसपेपरवर मी वैद्यकीय नाव लिहितो, पण त्याखाली मराठीत 'साखर कमी' किंवा 'साखर जास्त' असंही लिहितो आणि बाण काढतो. फोनवर तर हायपो हा शब्दच वापरत नाही. काकांनी संकष्टी सोडलेली नाही, मीही आग्रह धरला नाही. उपवासाच्या दिवशी कोणती गोळी घ्यायची, कोणती नाही हे आधी विचारून घेतात, आणि दुपारी खिचडी खातात. तुम्हीही चतुर्थी, एकादशी किंवा नवरात्र धरत असाल तर गोळ्यांचं आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. काकूंनी फ्रिजच्या दारावर कागद चिकटवलाय. घाम, थरथर, चिडचिड: ग्लुकोज वरच्या फळीवर, डाव्या हाताला.