उसाच्या वाटेवरचे हिसके

दिवाळी सरली की कोल्हापूर-सांगलीकडच्या रस्त्यांचा नूर पालटतो. साखर कारखान्यांची धुराडी पेटतात आणि एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या उसाने शिगोशीग भरून निघतात. नृसिंहवाडीला दत्तदर्शनासाठी निघालेल्या प्रवाशांना त्या वाटेत हमखास भेटतात.

ट्रॉली हिसके देऊ लागली की बोल लावला जातो खड्ड्यांना. दुखणे मात्र पुष्कळदा जोडणीत असते. हुकाची पिन झिजून सैल झाली, की ट्रॉली आधी मागे ओढते, मग पुढे धडकते.

दुसरे कारण भरणीत. जुने गाडीवान हे पक्के जाणत. मागे वजन जास्त झाले की बैलगाडी उलाळ होते, पुढे झाले की बैलांच्या मानेवर भार येतो. दोनचाकी ट्रॉलीचेही तसेच. मागे जड झाली तर ती शेपटीसारखी हेलकावते. पुढे फार जड झाली तर ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग ऐकत नाही. म्हणून वजन आसाच्या किंचित पुढे असावे, दोन्ही टायरांत हवा सारखी असावी. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर न्यूट्रल करणे तर जिवावरचेच; तिथे खालचा गिअरच हवा.

आपण मोटारीने जात असाल, तर अंतर राखा. अंधारात कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो. लाल रिफ्लेक्टरची पट्टी काही महाग नसते; ती लावलेली असली, तर कुणाच्या तरी घरचे माणूस सुखरूप घरी पोचते.