दोर सावलीत, अ‍ॅप्रन उन्हात

हिमायतनगरहून रात्री कृष्णा एक्स्प्रेसला बसले, ती हिमायतनगरलाच जायला. पहिलं नांदेड जिल्ह्यातलं, आमचं, परमेश्वराच्या देवळाचं. जुनी माणसं अजून वाढोणाच म्हणतात. दुसरं हैदराबादचं. नीट-पीजीचा निकाल लागला होता, मला ऑर्थो घ्यायचं होतं, चॉइस फिलिंगला चार दिवस उरले होते आणि माझ्या यादीत शिमला सगळ्यात वर होतं. डोंगर मिळतील, एवढाच हिशोब. नांदेडच्या मेडिकलची सीनियर ताई, आता हैदराबादला गांधीत रेसिडेंट, फोनवर म्हणाली, "यादी लॉक करायच्या आधी दोन दिवस माझ्याकडं ये."

सकाळी सिकंदराबादला उतरून मेट्रो धरली. पुढचंच स्टेशन गांधी हॉस्पिटल. 1954 साली निघालेलं गांधी मेडिकल कॉलेज 2003 पर्यंत हिमायतनगरला लागून असलेल्या बशीरबागेत होतं. आमच्याकडं औरंगाबादला मेडिकल निघालं 1956 मध्ये. तोवर मराठवाड्यातल्या पोरांची डॉक्टरकीची वाट बहुतकरून हैदराबादकडंच जायची. त्याच वाटेवर मी होते, आणि ते मला मनापासून आवडलं.

नारायणगुड्याला उतरून चालत ताईची खोली गाठली. गॅलरीत उन्हात अ‍ॅप्रन वाळत होता. चढाईचा दोर मात्र आत, पंख्याखाली सैल वेटोळं करून ठेवलेला. उन्हानं नायलॉन कमजोर होतं, म्हणून दोर सावलीत वाळवायचा. ताई ड्यूटीवरून आली, चार घास खाल्ले आणि संध्याकाळपर्यंत झोपली. मी तिला उठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे भोंगीर. शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर एकसंध ग्रॅनाइटचा प्रचंड गोटा आणि माथ्यावर किल्ला. मालावत पूर्णानं कातळाचे पहिले धडे इथंच गिरवले आणि 25 मे 2014 रोजी, चौदावं वर्ष पुरं व्हायच्या आत, एव्हरेस्ट गाठलं. सह्याद्रीच्या बेसाल्टला कपारी असतात, बोटं अडकवता येतात. इथं हाताला काहीच लागत नाही. बुटाचा तळवा दगडावर सपाट टेकवायचा आणि त्यावर सगळं वजन सोडायचं. पहिल्या वीस फुटांतच माझ्या पोटऱ्या थरथरायला लागल्या.

खाली उतरले तेव्हा ताईचा एक ज्युनियर बिले द्यायला, म्हणजे चढणाऱ्याला खालून सांभाळायला, दोर घेत होता.

"रात्री किती झोपलास?"

"दोन तास, मॅडम."

ताईनं दोर त्याच्या हातातून काढून घेतला. "आज बिले नाही." तो एका शब्दानं वाद न घालता झाडाखाली जाऊन आडवा झाला. मला ते दृश्य अजून दिसतं. रेसिडेंटला आठवड्याची सुट्टी मिळालीच तर तिचा पहिला वाटा झोपेचा. उरलेल्या वेळात पोचता येईल तोच आपला डोंगर. बाकीचे सगळे रजेतले.

"आधी काम बघ," परतताना ताई म्हणाली. "केसेस किती येतात, सीनियर ओटीत हात लावू देतात का, ते विचार. कातळ त्यानंतर."

रात्री गाडीत यादी उघडली. प्रत्येक कॉलेजपुढं दोन गोष्टी पेन्सिलीनं लिहीत गेले: ऑर्थोचं काम कसं, आणि वॉर्डपासून कातळापर्यंत किती तास. शिमल्यापुढं काम लिहायला मला कुणाला तरी फोन करावा लागणार होता. गांधीपुढं लिहिलं: भरपूर, दीड.