उधारीचे बी

दर वर्षी २४ डिसेंबर आला की मला माझ्या धाकट्या भावाचा कांदा आठवतो. तुम्ही म्हणाल, राष्ट्रीय ग्राहक दिनाचा आणि कांद्याचा काय संबंध? सांगते.

१९८६ साली याच तारखेला ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली, म्हणून हा दिवस. मी नोकरीत असताना नागरिकशास्त्राच्या तासाला ग्राहकाचे सहा हक्क फळ्यावर लिहून देत असे. बिंदुमाधव जोशींनी पुण्यात १९७४ साली ग्राहक पंचायत सुरू केली, म्हणजे कायद्याच्या बारा वर्षे आधी, हेही आवर्जून सांगायची. आणि शेवटी ठरलेले वाक्य, "पावती घेतल्याशिवाय वस्तू घ्यायची नाही." मुले माना डोलवायची. त्यांतल्याच एका मुलाने पुढे गावात कृषी सेवा केंद्र टाकले.

माझे माहेर पारनेर तालुक्यात. गावरान कांदा, म्हणजे उन्हाळी कांदा, हेच तिथले पैशाचे पीक. ऑक्टोबर-नोव्हेंबरात रोप टाकायचे, डिसेंबर-जानेवारीत लागवड, एप्रिलमध्ये काढणी. मग कांदा चाळीत भरायचा आणि पावसाळ्यात भाव आला की विकायचा. सगळा खेळ त्या चाळीवर.

२०११ साली भावाने त्या दुकानातून दोन एकरांचे कांद्याचे बी आणले. घरचे बी त्या वर्षी पावसाने गेले होते. नामांकित कंपनीचे सीलबंद पुडे होते. रोप छान आले, लागवड झाली आणि फेब्रुवारीच्या शेवटी शेत डेंगळ्यांनी भरले. ज्यांनी कांदा केला नाही त्यांच्यासाठी सांगते. कांद्याच्या मधून फुलाचा दांडा वर येतो तो डेंगळा. डेंगळा मोडून टाकला तरी आतली कडक नळी राहतेच. असा कांदा चाळीत टिकत नाही, सडतो आणि शेजारच्यालाही सडवतो.

थोडे डेंगळे दर वर्षीच येतात. इथे वाफ्यात मोजले तर शंभरात चाळीसच्या वर. बांधापलीकडे चुलतभावाचा कांदा, लागवड चार दिवसांच्या फरकाने, बी घरचे, तिथे शंभरात चार-पाच.

मी तेव्हा निवृत्त होऊन नगरला राहत होते (आता अहिल्यानगर म्हणायचे, जिभेला वळण लागायला वेळ लागेल). बातमी कळताच एसटीने गेले आणि भावाला तालुक्याच्या कृषी कार्यालयात अर्ज द्यायला लावला. आठवड्यात पाहणीला लोक आले. विद्यापीठाचे शास्त्रज्ञ होते, खात्याचे अधिकारी होते, कंपनीचाही माणूस आला होता. त्याचे म्हणणे, थंडी जास्त पडली, रोप जून झाल्यावर लावले. शास्त्रज्ञ काही बोलले नाहीत, बांध ओलांडून चुलतभावाच्या वाफ्यात गेले आणि तिथेही मोजले. मला तो माणूस फार आवडला. पंधरा दिवसांनी अहवाल हातात आला, बियाणे सदोष असल्याचा.

मला वाटले, जिंकलो. त्याच वर्षी १६ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाचा मोठा निकाल लागला होता. आंध्रातल्या शेतकऱ्यांची राष्ट्रीय बीज निगमाविरुद्धची प्रकरणे होती. निगमाचे म्हणणे होते की बियाण्यासाठी वेगळा कायदा आहे, शेतकरी ग्राहक मंचात येऊ शकत नाही, आणि आला तर बियाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यायला हवा. न्यायालयाने सांगितले, शेतकरी ग्राहकच आहे, आणि त्याने तपासणीसाठी बी शिल्लक ठेवावे अशी अपेक्षा करता येत नाही. वाचताना मला हसू आले. बी पेरायलाच आणतात, हे सांगायला दिल्लीपर्यंत जावे लागले!

कागद जुळवायला बसले. पुड्यावरचा टॅग होता, लॉट नंबर होता, अहवाल होता. पावती?

"उधारीवर आणलं, अक्का. पैसे दिल्याशिवाय पावती कशी मागायची?"

आमच्याकडे रोखीचा भाव वेगळा, उधारीचा वेगळा. दुकानदार वहीत लिहून ठेवतो, कांद्याची पट्टी आली की हिशोब. त्यात बी, खत, औषध सगळे एकाच पानावर. ज्याचे आपण देणे लागतो त्याच्याकडे पावती मागणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे, असे भावाला वाटत होते. मी इतकी वर्षे जे वाक्य फळ्यावर लिहिले, त्यात हा माणूस कुठेच नव्हता. माझा ग्राहक म्हणजे खिशात पैसे घेऊन अनोळखी दुकानात शिरलेला गृहस्थ.

मग मी कायद्याची प्रत आणून वाचली. धडा शिकवत होते पण मूळ कायदा कधी वाचला नव्हता, हेही कबूल करते. ग्राहकाच्या व्याख्येतच लिहिलेले निघाले की मोबदला दिलेला असो, द्यायचे कबूल केलेले असो, किंवा काही दिलेला आणि काही कबूल केलेला असो, घेणारा ग्राहकच. व्यापारासाठी घेतलेल्या मालाला कायदा लागू नाही, पण स्वतःच्या कष्टाने पोट भरण्यासाठी घेतलेला असेल तर लागू आहे. म्हणजे माझा भाऊ दोन्ही बाजूंनी बसत होता! फळ्यावरच्या माझ्या वाक्यापेक्षा कायदा मोठ्या मनाचा निघाला. त्या रात्री मी पाच पानी तक्रार स्वतःच्या अक्षरात लिहून काढली. वकील लागतोच असे नाही.

ओळखीच्या एका वकिलांना दाखवली तेव्हा ते म्हणाले, "बाई, दुकानदारालाही सामनेवाला करा. नाहीतर कंपनी म्हणेल, हे बी आमचं कशावरून?"

तिथे सगळे अडले. भावाने तक्रार दोनदा वाचली, घडी घालून माझ्या हातात दिली. "अक्का, कागद बरोबर आहे गं. पण मृगाला खत कोण देईल?"

मी चिडून एकटीच दुकानात गेले. तो उठून उभा राहिला, "बाई, बसा," म्हणून चहा सांगितला. वही काढून पान दाखवले, काही लपवले नाही. "पुडा मी फोडलेला नाही बाई, आला तसा दिला. माझं तरी वरच्या डिस्ट्रिब्युटरकडे खातं आहे. मी त्याच्याशी भांडलो तर पुढच्या हंगामाला माल कुठून आणू?" मग खाली बघत म्हणाला, "आणि तुमच्या भावानं पावती मागितली असती तर मी दिली असती. तुम्हीच शिकवलं होतं."

चहा घशाखाली जाईना.

मी भावाला पुन्हा पुन्हा सांगू शकले असते. पण माहेरच्या जमिनीवर मी हक्कसोडपत्र करून दिलेले, एसटीत बसून नगरला परत जाणारी. गावात राहायचे त्याला होते. वहिनीने एवढेच म्हटले, "वन्सं, तुमचं खरं आहे, पण राहू द्या." कांदा वावरातूनच मिळेल त्या भावाने गेला आणि त्या पावसाळ्यात चाळ रिकामी राहिली. दिवाळीला दुकानदाराने वहीतून बियाण्याचे पैसे कापले, खताचे आणि औषधाचे तसेच ठेवले. भावाला ते फार मोठे वाटले, "माणूस चांगला आहे." माणूस चांगलाच आहे. पण बियाण्याचे पैसे म्हणजे नुकसानीतला सगळ्यात लहान आकडा! रोपाची मशागत, लागवडीच्या बायांची मजुरी, पाणी, चार महिने, हे कोणाच्या वहीत लिहायचे? तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते. ती २०१४ च्या मार्चच्या सुमारास संपली. फाईल माझ्या कपाटात राहिली.

पुढे २० जुलै २०२० पासून नवा कायदा आला, जिल्हा मंचाचा आयोग झाला. आता आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार देता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला फी नाही. ग्राहकाच्या व्याख्येतले उधारीचे शब्द तसेच आहेत, मी आधी तेच पाहिले.

त्याच पावसाळ्यात राज्यभर सोयाबीन उगवले नाही म्हणून ओरड झाली. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली होती. भाच्याचा, म्हणजे त्याच भावाच्या मुलाचा, फोन आला. सोयाबीनचे बी शंभरात सत्तर तरी उगवले पाहिजे असा नियम आहे, त्याच्या शेतात ओळीच्या ओळी मोकळ्या होत्या.

"आत्या, पिशवी ठेवलीय, टॅग ठेवलाय, थोडं बी पण राखून ठेवलंय."

"आणि पावती?"

"आहे ना. बियाणं रोखीनं घेतलं. हिनं बचत गटातून पैसे उचलले तेवढ्यासाठी." जरा थांबून म्हणाला, "खत मात्र त्याच दुकानातून. वहीवर."

अर्ज दिला, पाहणी झाली, बदली पिशव्या मिळाल्या. दुबार पेरणीचे डिझेल आणि मजुरी त्याची त्यालाच लागली. दिवाळीत तो घरी आला तेव्हा मी ती जुनी फाईल काढून दिली, पाहा म्हटले, आयोगात जायचे तर तक्रार कशी लिहायची ते कळेल. त्याने पाने चाळली. कबूल केलेल्या मोबदल्याचे कलम मी तेव्हा लाल पेनने अधोरेखित केले होते, तिथे थांबला. मोबाईलवर त्या पानाचा फोटो काढला आणि फाईल पुन्हा कपाटात ठेवून जेवायला बसला.