चहा-साखरेची किल्ली

इंग्लंडमध्ये हॅम्पशायरमधल्या चॉटन गावी कादंबरीकार जेन ऑस्टिनचं घर बघायला आलेला माणूस आधी तिचं टेबल शोधतो. अक्रोडाच्या लाकडाचं, बाराकोनी, आणि इतकं लहान की चहाचा एक कप ठेवला तर कागदाला जेमतेम जागा उरावी. लोक त्याच्यापुढे गाभाऱ्यात उभं राहावं तसे उभे राहतात. मीही राहिले. पण खरं सांगू? मन रमलं ते जेवणघरात.

1809 मध्ये भावाने, एडवर्डने, राहायला दिलेल्या या घरात चौघी जणी होत्या: आई, थोरली बहीण कसॅन्ड्रा, मैत्रीण मार्था लॉइड आणि जेन. चहा तेव्हा चीनहून यायचा, महाग पडायचा, म्हणून साखरेबरोबर कुलपात असायचा. (आसामचा चहा लंडनच्या लिलावात पोहोचला 1839 मध्ये, जेन 1817 मध्येच गेली होती.) किल्ली जेनकडे. सकाळी नऊची न्याहारी करायची, चहा-साखरेवर लक्ष ठेवायचं, की तिचं घरकाम बहुतेक आटोपलं. हाताखाली नोकरमाणसं होती, तरी बाकीचा संसार रेटला कसॅन्ड्राने आणि मार्थाने. मार्थाची पाककृतींची वही संग्रहालयाने जपली आहे. तिच्यात चक्क हळद घातलेल्या करी पावडरची कृती आहे! हॅम्पशायरच्या खेड्यात, दोनशे वर्षांपूर्वी.

करकरणाऱ्या दाराचा किस्सा सगळ्यांना पाठ असतो: कोणी आलं की दार वाजे आणि जेन कागद लपवी, म्हणून तिने ते दुरुस्त करू दिलं नाही. भाच्याने लिहून ठेवलाय, तेव्हा असेलही खरा. मला मात्र त्या दारापेक्षा, दाराबाहेरची कामं परस्पर निपटणाऱ्या दोघी मोठ्या वाटतात.

रस्ता ओलांडला की टी-रूम, नाव 'कसॅन्ड्राज कप'. छताला कपच कप टांगलेले. स्कोन बरा होता, चहा आपल्या जिभेला पाणचट. जेनची बहुतेक पत्रं जाळली म्हणून चरित्रकारांचा कसॅन्ड्रावर राग आहे, आणि तो रास्तही आहे. पण 'मॅन्सफिल्ड पार्क', 'एमा' आणि 'पर्सुएशन' या कादंबऱ्या याच घरात लिहून झाल्या, त्या तिने घर सांभाळलं म्हणून. दुकानाच्या पाटीवरचा मान तिला उशिराच मिळाला म्हणायचा.

आपल्याकडेही लेखकांच्या घरांची स्मारकं होतात. तिथे लिहायचं टेबल, चष्मा, पेन जरूर मांडा. पण स्वयंपाकघरही उघडं ठेवा, आणि ते कोण चालवत होतं त्यांची नावं भिंतीवर लिहा.