कोर्टाची पायरी

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आमच्या घराण्यात शहाणपण बेताचंच. पण पायऱ्या चढायचा आळस पिढीजात. त्यामुळं वडील गेल्यावर त्यांनी स्वतः घेतलेली, अंबाजोगाई तालुक्यातली १२ एकर जमीन वाटायला आम्ही भावंडं घरच्या ओट्यावरच बसलो. आई आधीच गेलेली. न्यायाधीश मामा.

सरकारी काम सोपं निघालं. तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावं द्यायची. तो वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६-क मध्ये, नोंद करतो, फेरफार धरतो, नोटीस काढतो. १५ दिवसांत हरकत आली नाही, की मंडळ अधिकारी सही ठोकतो. झालं!

जमिनीचं अर्ध्या तासात मिटलं. अडलं ते पितळी घंगाळावर. दादा म्हणे, "मी त्यात आंघोळ करायचो." धाकटा म्हणे, "मला त्यात बुडवायचास, म्हणून माझा हक्क जास्त!"

मामांनी घंगाळ तहकूब ठेवलं आणि म्हणाले, "आता अक्काचं हक्कसोड पत्र तेवढं करून टाकू."

मी लगेच इरकली साडी पुढं केली. बहिणीनं सही करायची, भावानं साडी द्यायची; हा व्यवहार इतका जुना, की तो व्यवहार आहे हेच कुणाच्या ध्यानात येत नाही.

अक्का शाळेत गणित शिकवायची. ती म्हणाली, "बापू, १२ एकर, आपण चौघं. तीन एकराला एक साडी? फार महाग दुकानात गेलास रे!"

"अगं, हक्कापायी माहेर तुटतं," मामा म्हणाले.

"मामा, सही दिली तरच टिकणारं ते माहेर कसलं? ती खंडणी झाली."

मला १९५६ चा वारसा कायदा ठाऊक होता. वडिलांच्या कमाईत मुलीला मुलाइतकाच वाटा, हे मी गावभर सांगितलेलं. स्वतःच्या ओट्यावर मात्र विसरलो होतो. दोन मिनिटं कुणी बोललं नाही. आमच्या घरात हा विक्रम!

शेवटी दादाच म्हणाला, "चार नावं लिहा."

आता सातबाऱ्यावर चौघं आहेत. अक्का भाऊबीजेला आली, तीच साडी नेसून. "ही ओवाळणीतली धरते," म्हणाली.

घंगाळाचा निकाल मात्र अजून नाही. ते प्रकरण बहुतेक सुप्रीम कोर्टात जाणार.