मुदतीचा मुक्काम

घरचें माणूस परगांवीं असलें म्हणजे पत्राच्या शेवटीं ‘केव्हां येणार तें कळवावें’ अशी एक ओळ पूर्वीं ठरलेली असे. पत्रें गेलीं, पण ती ओळ अजून घरोघर बोलली जाते. मात्र मुलगा परदेशीं असला तर तिचें उत्तर बहुधा त्याच्या हातांत नसतें. तें त्याच्या खिशांतल्या एका कार्डावर छापलेलें असतें. इ. स. २०२५ च्या जुलैपासून सप्टेंबरपर्यंत आम्हीं उभयतांनीं जर्मनींत चिरंजिवांकडे मुक्काम केला, तेव्हां त्या कार्डाच्या मुदतीभोवतीं एका सबंध घराचा व्यवहार कसा फिरतो हें जवळून पाहावयास मिळालें. ऱ्हाइन नदी, तिच्या कांठचे द्राक्षांचे मळे आणि टेकड्यांवरचे पडके किल्ले यांचीं वर्णनें पुष्कळांनीं केलीं आहेत. त्यांत भर घालण्याचा आमचा विचार नाहीं.

चिरंजिवांचें गांव बॉन शहरापासून आगगाडीनें पाऊण तासावर आहे. मधोमध चर्च, त्याच्यापुढें फरसबंद चौक आणि चौकांत आठवड्यांतून एकदां भाजीबाजार. रविवारीं दुकानें बंद, आणि सामसूम इतकी कीं, चटणीसाठीं मिक्सर लावावा किंवा नाहीं याचा सूनबाईंस विचार पडावा. प्रत्येक इमारतीच्या दाराशीं पत्रपेट्यांची रांग असून तीवर नांवांच्या चिठ्ठ्या असतात. पेटीवर नांव नसेल तर सरकारी पत्रसुद्धां आल्या वाटेनें परत जातें. स्वतःचें नांव, वडिलांचें नांव आणि आडनांव ही आपली त्रिपदी तेथील छापील चौकटींत बसत नाहीं. त्यामुळें आमचें नांव तेथील दप्तरांत चिरंजिवांचेंच दुसरें नांव म्हणून नांदत आहे. आम्हांस त्यांत वावगें कांहीं वाटलें नाहीं.

आपल्याकडे ‘व्हिसा’ हा एकच शब्द सर्व गोष्टींस लावतात व त्यामुळें घोटाळा होतो. स्थूलमानानें बोलावयाचें तर व्हिसा ही दारांतून आंत येण्याची परवानगी; आंत बिऱ्हाड करून राहण्याची परवानगी निराळी. आम्हां उभयतांस पाहुण्याचा व्हिसा होता. त्यावर कोणत्याहि १८० दिवसांत फार तर ९० दिवस राहतां येतें. चिरंजिवांस मात्र वास्तव्याचा परवाना घ्यावा लागतो. पूर्वीं हा परवाना पारपत्रावर चिकटवीत. १ सप्टेंबर २०११ पासून त्याचें स्वतंत्र कार्ड झालें असून त्यांतील चकतींत धारकाचें छायाचित्र व दोन बोटांचे ठसे सांठविलेले असतात. चिरंजीव २०२३ च्या सप्टेंबरांत दोन वर्षांच्या करारावर गेले. म्हणून परवानाहि दोनच वर्षांचा. सूनबाईंचा परवाना वेगळा, पण चिरंजिवांच्या परवान्याला टांगलेला. २०२४ सालीं तेथेंच जन्मलेल्या आमच्या नातीचाहि परवाना वेगळा! केवळ तेथें जन्म झाल्यानें मूल तेथलें होत नाहीं. त्याकरितां आईबापांपैकीं एकाचें तरी पांच वर्षें कायदेशीर वास्तव्य होऊन त्यास कायम राहण्याचा हक्क मिळालेला असावा लागतो. एका घरांत तीन माणसें आणि तीन परवाने. पैकीं एकीला अजून पुरतें चालतांहि येत नव्हतें.

मुदत संपण्यापूर्वीं नूतनीकरणाचा अर्ज परदेशीयांच्या कचेरीकडे करावयाचा असतो. त्यासोबत पारपत्र, नोकरीचा करार, अलीकडच्या महिन्यांचे पगारपत्रक, आजारपणाच्या विम्याचा दाखला आणि घरभाड्याचा करारनामा जोडावा लागतो. घर किती चौरस मीटरचें आहे हेंहि पाहतात. कारण कुटुंबास पुरेशी जागा असावी अशी अट आहे. छायाचित्र कागदावरचें चालत नाहीं. १ मे २०२५ पासून तें यंत्रद्वाराच पाठवावें लागतें. मोठ्या माणसाची फी ९३ यूरो, म्हणजे आपले नऊ हजारांवर रुपये. इतकें सर्व सिद्ध असलें तरी ‘टेर्मिन’ मिळाल्याखेरीज काम पुढें सरकत नाहीं. टेर्मिन म्हणजे भेटीची नेमलेली वेळ. जर्मनींत हा शब्द आपल्याकडील मुहूर्ताइतका वजनदार आहे, आणि लग्नसराईंतल्या मुहूर्ताइतकाच दुर्मिळ. चिरंजिवांनीं जूनमध्येंच अर्ज केला होता. ‘आपला अर्ज पोंचला’ एवढें यंत्राचें उत्तर तत्काळ आलें. त्यानंतर आमच्या मुक्कामांत दुसरें अक्षर आलें नाहीं. अर्जदार वाढले आणि कारकून वाढले नाहींत, हें कारण तेथें सर्वतोमुखीं ऐकूं येतें.

ऑगस्टांत नातीच्या कागदांची चौकशी करावयास सूनबाई निघाल्या, तेव्हां आम्हीहि बरोबर गेलों. कचेरी स्वच्छ, दाराशीं आंकड्याची चिठ्ठी घ्यावयाची व भिंतीवर तो आंकडा उमटेपर्यंत बसावयाचें. आरडाओरड नाहीं, परंतु जो तो मांडीवरची कागदांची फाईल पुन्हांपुन्हां उघडून पाहत होता. परीक्षेच्या दिवशीं वर्गाबाहेर मुलें वही चाळतात, तशी ती मुद्रा आम्हांस चाळीस वर्षें परिचयाची आहे. शेजारच्या बांकावर एक वृद्ध तुर्की बाई नातवासह बसल्या होत्या. त्यांचे यजमान साठ वर्षांपूर्वीं कोळशाच्या खाणींत कामास आले होते, असें नातवानें मोडक्या इंग्रजींत सांगितलें.

त्या एका वाक्यामागें मोठा इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीच्या कारखान्यांस माणसें पुरेनात, म्हणून त्या सरकारनें १९५५ सालीं इटलीशीं आणि १९६१ सालीं तुर्कस्थानाशीं मजूर आणण्याचे करार केले. त्या मजुरांस ‘अतिथि-कामगार’ अशा अर्थाचें नांव पडलें. ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नाहीं तो अतिथि, अशी आपल्याकडे व्युत्पत्ति सांगतात. येथें तर जाण्याची तिथि आधीं ठरवून अतिथि बोलावले होते! तुर्कांस दोनच वर्षें ठेवावयाचें व मग दुसरे आणावयाचे, असा बेत होता. पण दर दोन वर्षांनीं नव्या माणसांस काम शिकवीत बसणें कारखानदारांस परवडेना, आणि १९६४ सालीं ती अट गेली. १९७३ सालीं नवी भरती बंद होतांच, आतां गेलों तर पुन्हां येतां येणार नाहीं या भीतीनें अनेकांनीं परत जाण्याऐवजीं बायकामुलेंच आणविलीं. बाहेर जाण्याचें दार अरुंद केलें म्हणजे आंतलीं माणसें आंतच राहतात, हें त्या सरकारच्या ध्यानांत आलें नसावें. सध्यांचा कायदा १ जानेवारी २००५ पासून अमलांत आहे. त्यांत कुशल कामगारास बहुधा तीन वर्षांनंतर कायम वास्तव्याचा हक्क मागतां येतो. पण ते दिवस येईपर्यंत मुदतीमागून मुदत घेतच चालावें लागतें.

कचेरीकडून कांहीं कळेना, तेव्हां एक दिवस चिरंजिवांनीं आम्हांस बॉन दाखविण्यास नेलें. १९४९ पासून १९९० पर्यंत पश्चिम जर्मनीची राजधानी असलेलें हें शहर आतां शांत आहे. बहुतेक प्रवासी १७७० सालीं बीथोवेन जेथें जन्मला तें घर पाहावयास येतात. आम्हीहि तें पाहिलें. परंतु आमचें तीर्थ निराळें होतें. जुन्या स्मशानभूमींत ऑगस्ट विल्हेल्म श्लेगेल याची समाधि आहे. १८१८ सालीं बॉनचें विद्यापीठ स्थापन झालें आणि त्याच सालीं तो तेथें अध्यापक झाला. जर्मनींत संस्कृतविद्येच्या अध्यापनाचा आरंभ त्याच्यापासून धरतात. त्यानें देवनागरी खिळे ओतवून घेऊन १८२३ सालीं भगवद्गीता लॅटिन भाषांतरासह बॉन येथें छापली. पुढें १८३९–४० मध्यें बोट्लिंक यानें पाणिनीची अष्टाध्यायी याच गांवीं प्रसिद्ध केली. येथीलच अध्यापक याकोबी यानें आकाशांतील ग्रहगोलांच्या साक्षीनें वेदांचा काल ठरविला तो १८९३ सालीं, आणि त्याच सालीं टिळकांचा ‘ओरायन’ बाहेर पडला. दोघांनीं एकमेकांस न कळत एकच वाट धरली होती. विद्यापीठाच्या जुन्या राजवाड्यासमोरील हिरवळीवर तरुण मंडळी उन्हांत पहुडली होतीं. आम्हीं तेथें कांहीं वेळ बसलों आणि सौभाग्यवतींनीं डब्यांतले दशमीचे तुकडे काढले.

तेथेंच चिरंजिवांनीं सहज म्हटलें, “बाबा, १४ सप्टेंबरला माझें कार्ड संपतें, पण संपलें तरी तें संपलें नाहीं असें समजावयाचें, असा कायदा आहे.” मुदतीपूर्वीं अर्ज केलेला असेल तर निर्णय लागेपर्यंत जुना परवाना चालूच आहे असें तो कायदा मानतो. या मानीव स्थितीचा दाखला मिळतो, त्यास ‘फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग’ असें लांबलचक नांव आहे. नांव ऐकून सौभाग्यवतींस हंसूं आलें. आम्हांस मात्र जुनी ओळख पटली. संस्कृतांत ‘असणें’ या अर्थाचा अस् हा धातु कांहीं प्रत्ययांपूर्वीं नाहींसा होऊन त्याच्या जागीं भू येतो. बदलीवर आलेल्या या भू ला मूळ धातूचे सर्व अधिकार मिळतात, कारण बदली आलेला तो मूळच्यासारखाच समजावा असें पाणिनीचें सांगणें आहे. यास स्थानिवद्भाव म्हणतात. म्हणजे ‘असणें’ याच क्रियापदाला बदलीचा आधार देणारें तें शास्त्र ज्या गांवीं छापलें गेलें, त्याच्या जवळच आमचा मुलगा तशाच आधारावर ‘असणार’ होता! पण पाणिनीनें लगेच अपवादहि सांगितला आहे: जें कार्य मूळच्या अक्षरांवरच अवलंबून असेल, तेथें ही बदली चालत नाहीं. विमानतळावरचा अधिकारी अक्षरेंच पाहतो. घरीं राहावयास व कामावर जावयास कायद्याचें मानणें बहुधा पुरतें. देशाबाहेर जाऊन पुन्हां आंत यावयाचें तर जुनें कार्ड, पारपत्र आणि तो दाखला अशीं तिन्ही हातांत हवींत. नुसती अर्ज पोंचल्याची पोंच तेथें चालत नाहीं. चिरंजिवांजवळ पोंचच होती.

९ सप्टेंबरला वाईहून धाकट्या बंधूंचा दूरध्वनि आला कीं, मातोश्री न्हाणीघरांत पडल्या व खुब्याचें हाड मोडलें. वय ८८. आम्हीं तिकिटें बदलून दुसऱ्या रात्रीं फ्रांकफुर्टहून निघालों. चिरंजीव पोंचवावयास आले होते. आजीच्या मांडीवर वाढलेला मुलगा; पण तो त्या दाराशीं थांबला. दाखल्याशिवाय निघून गेला असता तर परत येण्याकरितां मुंबईस नव्या व्हिसाचा खटाटोप करावा लागता, आणि मागें परक्या देशांत सूनबाई व दुधपिती मुलगी, त्यांचेहि परवाने त्याच्याच गळ्यांत. घरीं आल्यावर एका वडीलधाऱ्या आप्तांनीं, “आजीसाठीं येतां येत नाहीं, असली कसली नोकरी?” असें म्हटलें. राग नोकरीवर काढून उपयोग नव्हता. आपल्या देशांत कोण राहतो हें विचारण्याचा अधिकार कोणत्याहि राज्यास आहे, असें आमचें मत आहे. परंतु ज्यानें वेळेवर विचारलें त्यास वेळेवर उत्तर मिळण्याचा अधिकारहि तितकाच खरा.

मातोश्रींची शस्त्रक्रिया १२ तारखेस झाली. चिरंजिवांनीं रुग्णालयाचें पत्र जोडून कचेरीस लिहिलें, आणि १८ तारखेस त्यांस बोलावणें आलें. वीस मिनिटांत काम झालें. घडीच्या कागदाच्या तिसऱ्या पानावर तीन चौकटी असतात. प्रवासास चालणाऱ्या चौकटींत तेथील बाईंनीं खूण केली, १३ यूरो घेतले, आणि ‘आजींस लवकर बरें वाटो’ असें म्हटलें. ती चौकट महत्त्वाची. निराळ्या चौकटींत खूण असली तर त्याच कागदावर बाहेरून परत येतां येत नाहीं. ज्यांच्या घरचें कोणी तेथें असेल त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. तसेंच सहा महिन्यांहून अधिक काळ देशाबाहेर राहिल्यास परवाना सामान्यतः आपोआप रद्द होतो. ‘वर्षभर घरीं येऊन राहा’ असा आग्रह करणाऱ्यांनीं हेंहि.

२० तारखेस चिरंजीव वाईस पोंचले. मातोश्री पलंगावर टेकून बसल्या होत्या. त्यांनीं नातवाच्या तोंडावरून हात फिरविला आणि पहिला प्रश्न केला, “परत जायचा कागद आणलास ना रे? नाहीं तर माझ्यापायीं अडकशील.” दूरध्वनीवरचीं सगळीं बोलणीं त्यांनीं निजल्यानिजल्या ऐकलीं होतीं. २२ तारखेची घटस्थापना चिरंजिवांच्या हातून झाली. दसऱ्यापर्यंत राहावें असें सर्वांस वाटत होतें. रजा तितकी नव्हती. ३० तारखेस ते परत गेले व ते तिन्ही कागद दाखवून विनातक्रार आंत गेले.

नवीन कार्ड नोव्हेंबरांत आलें. कंपनीनें आतां मुदतीशिवाय करार केला आहे, म्हणून परवाना चांगला चार वर्षांचा मिळेल अशी अपेक्षा होती. पण पारपत्राच्या मुदतीपलीकडे परवाना देत नाहींत, आणि चिरंजिवांचें पारपत्र जानेवारी २०२७ मध्यें संपतें. तेव्हां आधीं फ्रांकफुर्टच्या भारतीय वकिलातीकडून नवें पारपत्र, मग पुन्हां अर्ज, पुन्हां टेर्मिन. इकडे पुतणीचें लग्न ठरलें आहे. बंधु पंचांग घेऊन भटजींकडे निघाले, तेव्हां मातोश्रींनीं त्यांस हांक मारून थांबविलें आणि जर्मनीस दूरध्वनि लावावयास सांगितलें. कार्ड केव्हां संपतें तें विचारून घेतल्यावर मग २०२६ च्या फेब्रुवारींतील दोन तिथि निघाल्या.