तीन टीबीच्या डिस्कवर साडेतीनशे जीबी

"डिस्क दिसतेय, पण आत काही नाही." पुण्यातल्या छोट्या कार्यालयांचे संगणक सांभाळणाऱ्या माणसाला हे वाक्य वर्षभर ऐकावं लागतं. वळवाचा पाऊस आणि त्याबरोबर जाणारी-येणारी वीज सुरू झाली की जरा जास्तच. मी या वाक्यावर कधीच विश्वास ठेवत नाही. ‘दिसत नाही’ आणि ‘नाही’ यांत फार अंतर आहे. बहुतेकांचा डेटा जातो तो बिघाडात नाही, त्या अंतरात घाईने केलेल्या फॉरमॅटमध्ये.

नारायण पेठेतल्या एका प्रकाशकांचं काम याच वाक्याने आलं. घरचाच व्यवसाय, काका पुस्तकं बघतात, त्यांची सून, म्हणजे ताई, अक्षरजुळणी आणि मांडणी. त्यांच्याकडे तीन टीबीची बाहेरून जोडायची डिस्क होती आणि वीज गेली-आली तेव्हा तिच्या खोक्यातला सर्किट बोर्ड जळला. आतली डिस्क धडधाकट होती. संगणकाच्या दुकानदाराने ती खोक्यातून काढून डेस्कटॉपला थेट साटा केबलने लावली आणि निकाल दिला: साडेतीनशे जीबीचा एकच भाग दिसतोय, तोही ‘रॉ’ आहे, फॉरमॅट करावा लागेल.

"अहो, तीन टीबीची साडेतीनशे जीबी झाली कशी? बाकीची गेली कुठे?" काकांनी फोनवर विचारलं. दुकानदाराला पडायला हवा होता तो प्रश्न हाच.

"काका, मशीन बंद करा. कोणी काहीही विचारलं तरी ‘हो’ म्हणू नका. मी येतो."

विंडोज मी मुद्दामच सुरू केलं नाही. ते अनोळखी डिस्क दिसली की ‘फॉरमॅट करू का’ असं विचारतं आणि विचारताना ‘हो’चं बटण तयारच ठेवतं. मी पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं आणि टर्मिनल उघडलं. ही सवय मला मॉडेल कॉलनीतल्या आतुर सेंटरमध्ये लागली. तिथल्या सिंबायोसिसच्या संगणक संस्थेत पुण्यातल्या लिनक्सवाल्यांच्या बैठका आणि जीनूनिफाय नावाचा मेळावा भरायचा. तिथे जुन्या मंडळींचा एक आग्रह असे: आधी वाचणाऱ्या आज्ञा, लिहिणाऱ्या नंतर.

पहिली आज्ञा ‘एलएसबीएलके’. ती डिस्कवर काहीही लिहीत नाही. कर्नलला दिसणारी प्रत्येक डिस्क आणि तिचे भाग झाडासारखे मांडून दाखवते. मी ती नुसती चालवत नाही; नाव, आकार, प्रकार, फाइल सिस्टिम, लेबल, मॉडेल आणि सीरियल नंबर असे स्तंभ मागून घेतो. कारण एसडीए, एसडीबी ही नावं म्हणजे पत्र्या मारुतीपासून डावीकडे तिसरं दार सांगण्यासारखी आहेत: मधला एक वाडा पाडला की तिसरं दार दुसरं होतं. मशीन सुरू होताना जी डिस्क आधी सापडेल ती एसडीए. पेन ड्राइव्ह लावला, केबलचं टोक बदललं, की क्रम बदलतो. सीरियल नंबर बदलत नाही. तो डिस्कवरच्या स्टिकरशी ताडून पाहिला तेव्हा कळलं की आपली डिस्क एसडीबी आहे; ताईंच्या रोजच्या कामाची डिस्क एसडीसी झाली होती.

पडद्यावर एसडीबीपुढे 2.7टी असा आकार होता. घाबरायचं कारण नाही. विकणारे हजाराने मोजतात आणि ही आज्ञा 1024 ने, त्यामुळे तीन टीबीचे 2.7 दिसतात. त्याखाली एकच भाग, एसडीबी1, आकार 349.3जी. फाइल सिस्टिमचा स्तंभ रिकामा. ‘बीएलकेआयडी’ला विचारलं, ती भागाच्या आत डोकावून फाइल सिस्टिमची खूण शोधते. तीही गप्प.

म्हणजे दुकानदाराला दिसलं ते बरोबरच होतं. अर्थ चुकीचा लावला होता.

‘एफडिस्क’ने डिस्कच्या भागांचा तक्ता वाचला. जुन्या पद्धतीचा, एमबीआर. डिस्कच्या पहिल्या 512 बाइटमध्ये तो राहतो: सुरुवातीला 446 बाइट मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचे, मग 16-16 बाइटच्या चार नोंदी, शेवटी 55 एए ही खूण. नोंदीत भागाचा प्रकार, सुरुवातीचा सेक्टर आणि एकूण सेक्टर. इथे प्रकार होता 07, म्हणजे बहुधा एनटीएफएस. सुरुवात होती 256 व्या सेक्टरला.

मी थांबलो तो या 256 वर. जुन्या काळी पहिला भाग 63 व्या सेक्टरला सुरू व्हायचा, हल्ली 2048 ला. 2048 गुणिले 512 म्हणजे बरोबर एक एमबी. 256 हा आकडा कुठे बसत नाही. पण सेक्टर 512 चा नसून 4096 बाइटचा धरला, तर 256 गुणिले 4096, पुन्हा बरोबर एक एमबी! आणि डिस्कचे 2794 जीबी आठाने भागले की 349. काकांची उरलेली डिस्क कुठेच गेली नव्हती. तक्ता मोठ्या गजाने मोजून लिहिला होता आणि आम्ही तो लहान गजाने वाचत होतो.

असं व्हायला इतिहास आहे. एमबीआरमधला सेक्टरचा आकडा 32 बिटांचा असतो. सेक्टर 512 बाइटचा असेल तर हिशेब दोन टीबीला संपतो. त्यापुढे जीपीटी हा नवा तक्ता लागतो, पण नेहमीच्या 32 बिटांच्या विंडोज एक्सपीला तो वाचता येत नव्हता. मग काही खोकी बनवणाऱ्यांनी शक्कल लढवली: आतल्या बोर्डाने संगणकाला सेक्टर 4096 बाइटचा आहे असं सांगायचं. त्या हिशेबाने मर्यादा 16 टीबीवर गेली. एक्सपी खूश, ग्राहक खूश. बोर्ड जळला की मात्र ते गुपित त्याच्याबरोबर जळतं. ही शक्कल ज्यांनी लढवली त्यांनी खोक्यावर एक ओळ छापायला हवी होती, असं माझं ठाम मत आहे.

तर्क पडताळायला हवा होता. 10,48,576 व्या बाइटपासूनचे थोडे बाइट ‘एक्सएक्सडी’ने छापले. ईबी 52 90, मग स्पष्ट अक्षरांत एनटीएफएस आणि चार मोकळ्या जागा. त्यापुढचे दोन बाइट 00 10. हा आकडा उलटा वाचायचा: 1000 हेक्स, म्हणजे 4096. फाइल सिस्टिम स्वतःच सांगत होती की माझा सेक्टर केवढा आहे. एरवी तिथे 00 02 असतं.

इथून पुढे काम सोपं होतं. ‘लोसेटअप’ ही आज्ञा एखाद्या फाइलला किंवा डिस्कला नव्या आभासी डिस्कचं रूप देते. तिला तीन गोष्टी सांगितल्या: फक्त वाचायचं, सेक्टर 4096 चा धरायचा, भाग स्वतः शोधायचे. पुन्हा ‘एलएसबीएलके’. लूप0 आणि त्याखाली लूप0पी1, आकार 2.7टी. बीएलकेआयडी आता बोलली: एनटीएफएस, आणि लेबल म्हणून प्रकाशनाचं नाव.

"ताई, हे लेबल तुमचंच ना?"

"हो! मीच दिलं होतं." त्या खुर्चीवरून उठूनच उभ्या राहिल्या.

माउंटही फक्त वाचण्यापुरतं केलं. ‘स्मार्टसीटीएल’ने तपासलं तर डिस्कवर एकही खराब सेक्टर नव्हता, म्हणून सगळी डिस्क आधी जशीच्या तशी उतरवून घेण्याची गरज पडली नाही, सरळ नव्या डिस्कवर नकल सुरू केली. जुने दिवाळी अंक, मुखपृष्ठं, पेजमेकरच्या फाइली, आणि ताईंनी आधी उघडून पाहिला तो श्रीलिपीच्या फॉन्टांचा फोल्डर. त्यांचं बरोबर होतं. युनिकोडपूर्वीचा तो मजकूर. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचे ते फॉन्ट नसतील तर फाइल मिळूनही पानावर निरर्थक चिन्हांचा काला दिसतो.

एक गोष्ट नशिबाची होती. काही खोक्यांतला बोर्ड सेक्टर मोठा सांगण्याबरोबर डेटा कूटबद्धही करतो, पासवर्ड ठेवलेला नसला तरी. तसं असतं तर एक एमबीवर एनटीएफएस ही अक्षरं दिसलीच नसती आणि मला त्याच मॉडेलचा दुसरा बोर्ड शोधत फिरावं लागलं असतं.

तेव्हा तुमच्या हाताखाली मशीन असतील तर दोन कामं लगेच करून टाका. एलएसबीएलकेचा सीरियल नंबरांसह निकाल आणि ‘एसएफडिस्क’ला ‘डी’ पर्याय देऊन मिळणारा तक्त्याचा मजकूर छापून त्या मशीनच्या फाइलला लावा. तक्ता उडाला तर त्याच मजकुरातून तो परत लिहिता येतो आणि त्यात सेक्टरचा आकारही दिसतो. बाहेरून जोडायची डिस्क असेल तर ही छपाई खोकं जिवंत असतानाच घ्या. आणि खोकं बंद पडलं तरी त्याचा मॉडेल नंबर लिहून घेतल्याशिवाय ते भंगारात देऊ नका.